रामफळाचा आवाज

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला उत्तरेश्वर लॅपटॉपच्या पडद्यावर यायचा. त्या गुरुवारी तो प्रत्यक्षच आला. हडपसरहून बाइकवर, तोंडाला मास्क, हातात हेल्मेट. नारायण पेठेतल्या त्या लहानशा खोलीच्या दारात तो नुसताच उभा राहिला; आत यायचं की नाही हे अजून ठरायचं असल्यासारखा.

"अरे, ये ना! आज इकडे कसा काय?" विजयमालाबाई म्हणाल्या.

विजयमालाबाई स्पीच थेरपिस्ट. उशिरा बोलणारी मुलं, झटका येऊन गेल्यावर शब्द हरवून बसलेले आजोबा, अडखळत बोलणारी तरुण पोरं, अशा सगळ्यांना बोलतं करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र इतका हळू की नवा पेशंट पहिल्या दिवशी हमखास खुर्ची पुढे ओढून घ्यायचा. गुरुवारी त्या एकदाच जेवत, तेही मौनानं. दिवेलागणीला पोथीचा एक अध्याय, मग बाकीचं जग. सुनेच्या बाळंतपणातसुद्धा तो नेम चुकला नव्हता.

उत्तरेश्वर बसला. खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला आणि बोटानं पडदा दाबला.

फोनमधून आधी बाईंचाच आवाज आला. "आता आपण रामफळ ऐकू या."

आणि मग त्याचा. "आमची रोज स... सकाळी साडेदहाला मीटिंग असते. प्रत्येकानं काल काय केलं ते सांगायचं. माझा न... न... नंबर यायच्या आधी मी वायफाय बंद करतो. मग मेसेज टाकतो, सॉरी, नेट गेलं. टीमला वाटतं ह... हडपसरला नेट खराबच असतं."

एवढंच. चाळीस सेकंदं. शेवटी कुणीतरी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारं पिवळं तोंड चिकटवलं होतं.

"हे कुठून आलं तुझ्याकडे?"

त्याला सांगायला बराच वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही. मधला शब्द पुरवला नाही. मंगळवारी त्यांच्या कंपनीतल्या टीमच्या ग्रुपवर ते आलं होतं. टीममधला तेजस, त्याची बहीण सृष्टी स्पीच थेरपी शिकते. तिच्या कॉलेजातून एक लिंक आली होती. ती जेवणाच्या टेबलावर ऐकत बसली होती, आणि पलीकडे चहा करणारा तेजस ओरडला, अगं, हा तर आमचा उत्तरेश्वर! गंमत म्हणून त्यानं तेवढा तुकडा कापून ग्रुपवर टाकला. 'कुणी मनावर घेऊ नका' असंही खाली लिहिलं. टीममध्ये चौदा जण. तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला कुणीतरी विचारायचं, "काय रामफळ, आज नेट आहे ना?" टीमचा लीड पण हसतो.

"आणि येत्या बुधवारचा डेमो?" बाईंनी विचारलं.

उत्तरेश्वरनं मान खाली घातली.

तीन वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यानं हात वर केला होता, की परदेशातल्या क्लायंटला आपण केलेलं काम आपणच दाखवू. तेजसनं नाही, लीडनं नाही. दोन महिने तो आणि बाई त्याच वीस मिनिटांची तयारी करत होते. कुठल्या शब्दापाशी श्वास घ्यायचा, कुठे अडकलं तर पळून न जाता तिथंच कसं थांबायचं.

"लीडचा मेसेज आलाय. टेन्शन घेऊ नको. ते... तेजस करेल." मग तो लातूरकडच्या आपल्या बोलीत हळूच म्हणाला, "मॅडम, म्या तुम्हाला सांगितलं होतं की हो. तुम्हाला."

बाईंना ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते त्या क्षणी कळेना.

बाईंनी तो आवाज ऐकवला होता त्यांच्या मंडळात, आणि तिथली पद्धत अशी होती. शहरातले तीसेक स्पीच थेरपिस्ट महिन्याच्या पहिल्या रविवारी एकत्र जमत आणि अवघड पेशंटांबद्दल बोलत. मंडळ काढलं ते आप्पासाहेबांनी. आता ते हयात नाहीत. त्यांचा दंडक होता, पेशंटचं नाव सभेत उच्चारायचं नाही. प्रत्येकाला एका फळाचं नाव द्यायचं. पेरू, जांभूळ, सीताफळ. उत्तरेश्वरला रामफळ. कुणाच्या तोंडून चुकून खरं नाव गेलं तर आप्पासाहेब म्हणायचे, "आज आपला चहा नको हं यांना." आणि खरोखर देत नसत. नावाच्या बाबतीत मंडळ इतकं सोवळं, की पेशंटचा आवाज ऐकवताना त्यात त्यानं स्वतःचं नाव घेतलं असेल तर तेवढ्या जागी शिट्टी घालत.

नाव झाकायचं आणि आवाज जसाच्या तसा लावायचा. तीस वर्षं त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नव्हतं. या लोकांचे कान शब्द कुठे अडतो, ओठांवर की घशात, ते ऐकायला तयार झालेले. आवाज कुणाचा, हे ऐकायचं ते विसरूनच गेले होते. ज्या धंद्यातल्या माणसांना आवाजालाही चेहरा असतो हे सगळ्यांआधी कळायला हवं, त्यांनाच ते कळलं नाही.

पूर्वी ते खपून गेलं. शाळेच्या वर्गात सभा व्हायची, तीस खुर्च्या, दार लावलेलं. आवाज ऐकवून झाला की कॅसेट पर्समध्ये. पण कोरोनात सभा पडद्यावर आल्या, आणि पडद्यावरचं सगळं साठवून ठेवता येतं.

बाईंनी उत्तरेश्वरला पाणी दिलं. "रविवारच्या आत ते निघेल," त्या म्हणाल्या. "माझा शब्द."

तो गेला. दिवेलागण झाली होती. बाईंनी देवापाशी निरांजन लावलं, पोथी चौरंगावर काढून ठेवली, आणि ती न उघडता मंडळाच्या सचिवांना फोन लावला.

शुभंकर चौतीस वर्षांचा. शहरात तीन क्लिनिकं, चुणचुणीत, सभेची आमंत्रणं रंगीत काढणारा. मंडळात त्याच्याइतकं काम कुणी करत नव्हतं, हेही खरं.

"बोला ना मॅम!"

बाईंनी सगळं सांगितलं. तो मध्ये मध्ये 'ओह', 'ओह नो' म्हणाला. मग म्हणाला, "पण मॅम, आपला व्हिडिओ अनलिस्टेड आहे. ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसतो."

"लिंक कुणाकुणाकडे आहे?"

"मेंबर्स. आणि तीन कॉलेजेस. त्यांनी अभ्यासक्रमात लावलंय तुमचं केस प्रेझेंटेशन. चारशे बारा व्ह्यूज आहेत, मॅम. आपल्या कुठल्याच व्हिडिओला एवढे नाहीत."

"मला हे कधी सांगितलंत?"

"तुमचंच कौतुक आहे हो त्यात."

"शुभंकर, तो व्हिडिओ आत्ता काढा."

"आत्ता असं एकट्याला नाही काढता येत, मॅम. कमिटीचा ठराव आहे. आणि पेशंटची सही आहे ना आपल्याकडे? 'शैक्षणिक कारणासाठी आवाज वापरण्यास हरकत नाही.' कॉलेज म्हणजे शैक्षणिकच झालं की. आणि माझ्याकडून नाव कुठेही गेलेलं नाही. मी चेक केलंय. बीप आहे."

"त्याला कंपनीत रामफळ म्हणतायत."

शुभंकरला हसू आवरलं नाही. हसून झाल्यावर तो "सॉरी, सॉरी मॅम" म्हणाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला ऐकू आलं ना मी काय म्हणाले ते?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीइतकाच होता, म्हणून शुभंकरला काही कळलं नाही.

"मॅम, ठराव तुम्हीच मांडला होता. मी फक्त अंमलात आणला. रविवारी सभा आहेच, विषय घेऊ."

फोन ठेवल्यावर बाईंनी कपाटातून मंडळाची फाइल काढली. ठराव होता. खाली सूचक म्हणून त्यांचंच नाव. 'सर्व सभांचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते उपलब्ध करून देण्यात यावे.' कुणाला उपलब्ध, ते लिहिलंच नव्हतं. तेव्हा गरजच वाटली नव्हती. कारण तो ठराव मांडताना बाईंच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होतं.

जैनब. हडपसरच्या एका धर्मादाय रुग्णालयात एकटी स्पीच थेरपिस्ट. तिला रविवारी ड्यूटी. मंडळात चार वर्षं वर्गणी भरली, पण सभेला एकदाही येऊ शकली नव्हती. एकदा बाईंना रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली होती, "मॅडम, तुम्ही सगळे एकमेकांकडून शिकता. मी माझ्या चुकांकडून शिकते. पण माझ्या चुका म्हणजे कुणाची तरी पोरं असतात हो." त्याच रात्री बाईंनी ठरावाचा कागद लिहिला होता. चांगल्या मनानं लिहिला होता. ते आठवून त्यांना स्वतःचाच इतका राग आला की फाइल परत ठेवताना कपाटाचं दार आपटलं. नवरा स्वयंपाकघरातून डोकावून बघून गेला. या घरात दार आपटण्याचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

शुक्रवारी दुपारी जैनबचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"मॅडम, फार वाईट झालं. मला रात्रभर झोप नाही. पण एक विचारू?"

"विचार."

"आता रेकॉर्डिंग बंद करणार का तुम्ही?"

बाईंच्या तोंडून नुसतं 'हं' गेलं. कालपासून त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतंच. सगळं बंद. सगळं पुसून टाकायचं.

"मला वाटलंच," जैनब म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "तुमचा तो सतरा मिनिटांचा भाग मी आठ वेळा बघितलाय. कँटीनमध्ये बसून, कानात घालून. तुम्ही त्याला शब्द न सुचवता थांबलात, ते मी तिथं शिकले. मला कॉलेजात कुणी नव्हतं शिकवलं. माझ्याकडे एक मुलगी येते, अकरा वर्षांची. तिच्यापुढे मी पहिल्यांदा नीट थांबले ते तुमचं बघून. आता चूक केली शुभंकर सरांनी, आणि दार बंद होणार माझ्यासाठी? ज्यांचा रविवार मोकळा आहे त्यांचं काय जातंय? ते समोरासमोर बसून शिकतीलच की."

"जैनब, त्या मुलाची नोकरी..."

"कळतंय मला, मॅडम! म्हणून तर झोप नाही म्हटलं. पण तुम्ही रागावलात तर रागावलात. मला बोलू द्या."

"बोल गं," बाई म्हणाल्या. "तुझंही खरं आहे."

आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त त्रासदायक होतं. शुभंकरवर रागावणं सोपं होतं.

शनिवारी उत्तरेश्वरचा मेसेज आला. 'काढला का?' बाईंनी खरं काय ते लिहिलं. सचिव नाही म्हणतात, उद्या सभेत विषय आहे. अर्ध्या तासानं उत्तर आलं. 'मी येऊ का सभेत? मला सांगायचंय.' बाईंनी ते तीनदा वाचलं. जो माणूस चौदा ओळखीच्या लोकांसमोर नंबर आला की वायफाय बंद करतो, तो तीस अनोळखी लोकांसमोर बोलायचं म्हणत होता. त्यांनी लिहिलं, 'ये.'

रविवारी दहाला सभा सुरू झाली. पडद्यावर चौकटी उघडत गेल्या. कुणाच्या मागे पुस्तकांचं कपाट, कुणाच्या मागे खोटा समुद्रकिनारा. जैनबनं कुणाशी तरी ड्यूटीचा एक तास बदलून घेतला होता. ती रुग्णालयाच्या जिन्यात उभी होती, मागून स्ट्रेचर जात होते. यंत्रातल्या बाईनं इंग्रजीत सांगितलं, ही सभा मुद्रित होत आहे. कोपऱ्यात लाल ठिपका लागला.

शुभंकरनं स्वागत केलं आणि लगेच तक्ते दाखवायला घेतले. कुठल्या महिन्यात किती प्रेक्षक, कुठल्या जिल्ह्यातून किती. नांदेड, परभणी, यवतमाळ. "जिथे एकही स्पीच थेरपिस्ट नाही तिथे आपलं ज्ञान पोचतंय," तो म्हणाला. "एका दुर्दैवी प्रसंगामुळे हे थांबवायचं का, याचा विचार व्हावा."

"प्रसंग घरी आला नसेल तुमच्या, म्हणून तो दुर्दैवी," आनंदीबाई म्हणाल्या. मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ, पंचाहत्तरीच्या, कॅमेऱ्यात नेहमी फक्त कपाळ दिसायचं. "पुढे बोला."

विजयमालाबाईंनी हात वर केला. "ज्याचा आवाज आहे तो बाहेर थांबलाय. त्याला आत घ्या."

"मॅम, नियमाप्रमाणे बिगरसभासदाला सभेत..."

"अहो, चारशे बारा बिगरसभासदांनी त्याला ऐकलंय," आनंदीबाई म्हणाल्या. "त्यानं एकदा आपल्याला ऐकलं तर घटना मोडते का मंडळाची?"

दोनचार चौकटींत खसखस पिकली. शुभंकरनं बटण दाबलं. उत्तरेश्वरची चौकट उघडली. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले, मागे भाड्याच्या खोलीची निळी भिंत.

"आधी मुद्रण बंद करा," विजयमालाबाई म्हणाल्या.

"ते ऑटोमॅटिक आहे मॅम. आणि पारदर्शकतेच्या दृष्टीनं..."

"बंद करा."

या वेळी पुष्कळांनी 'हो, बंद करा' म्हटलं. लाल ठिपका गेला.

"हं, बोला," शुभंकर म्हणाला. "दोन मिनिटं हं प्लीज. अजेंडा मोठा आहे."

उत्तरेश्वरनं तोंड उघडलं. ओठ मिटले गेले आणि मिटलेलेच राहिले. डोळे एका जागी. गळ्याची शीर ताठ. बाईंना ते ठाऊक होतं, तो 'म'पाशी अडकला होता. 'म'वर तो नेहमीच अडायचा, आणि 'मी' म्हटल्याशिवाय माणसाला स्वतःबद्दल बोलता येत नाही. पाच सेकंदं. सात. दहा. तीस चौकटींमध्ये कुणी हललं नाही. त्या लोकांचं कामच ते होतं. अशा वेळी डोळे न चुकवता, मान न डोलवता थांबायचं असतं, हे ते स्वतः दुसऱ्यांना शिकवत.

"बहुतेक यांचं नेट गेलंय," शुभंकर म्हणाला. "पडदा फ्रीझ झालाय. आपण पुढचा विषय घेऊ, ते आले की..."

जैनबनं जिन्यात कपाळावर हात मारलेला सगळ्यांना दिसला.

"नेट गेलेलं नाही, शुभंकर," विजयमालाबाई म्हणाल्या. आवाज तोच, खुर्ची पुढे ओढून ऐकावा लागेल असा. पण त्यात आता असं काही होतं की शुभंकरचा हात माउसवरून बाजूला झाला. "तो बोलतोय. तुम्ही स्पीच थेरपिस्ट आहात. तीन क्लिनिकं आहेत तुमची. दारावर पाटी आहे. समोरचा माणूस शब्द काढण्यासाठी जिवाचं रान करतोय आणि तुम्हाला वाटतं पडदा अडकला. चारशे बारा माणसांनी पाहिलेला तो व्हिडिओ तुम्ही तरी पाहिलात का हो? सतरा मिनिटं मी एवढंच सांगतेय त्यात, की थांबा. जैनबनं कँटीनमध्ये बसून ते शिकून घेतलं. तुम्ही मोजलंत फक्त. आता थांबा."

शुभंकरचे कान लाल झालेले दिसले.

आणि मग उत्तरेश्वरचा शब्द सुटला.

"मी... तुमच्यासाठी बोललो नव्हतो. मॅडमसाठी बोललो होतो." तो मध्ये थांबला, श्वास घेतला, पळून गेला नाही. "मॅडमनी विचारलं होतं, आमच्या लोकांना ऐकवू का. मी हो म्हटलं. सही केली. मला वाटलं आमचे लोक म्हणजे ख... खोलीत बसलेले लोक. तो आवाज मी माझ्या आईलाबी ऐकवला नसता. ते काढा. सोमवारच्या आत काढा."

जिन्यातून जैनब म्हणाली, "मी तुम्हाला आठ वेळा ऐकलंय. तुम्हाला माहीत नसताना. मला शिकायचं होतं, पण त्यासाठी तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि मला ते सुचलंसुद्धा नाही. चुकलं माझं."

उत्तरेश्वरनं तिच्या चौकटीकडे पाहिलं. "तुम्ही... कुठल्या?"

"हडपसर."

"मी पण," तो म्हणाला.

पुढचा पाऊण तास भांडणं झाली. कुणी म्हणालं, मुद्रणच नको. जैनबनं त्याला जिन्यातून सुनावलं. कुणी म्हणालं, आवाज बदलणारं सॉफ्टवेअर मिळतं, आनंदीबाई म्हणाल्या, "मग शिकवणार काय? बदललेला आवाज?" शेवटी विजयमालाबाईंनीच कागदावर लिहून काढलं आणि वाचलं. व्याख्यानं मुद्रित करावीत, ती फक्त सभासदांना पाहता येतील, महिन्यानं पुसावीत. पेशंटचा आवाज यंत्र चालू असताना लावायचा नाही. जे सभेला येऊ शकत नाहीत त्यांना पेशंटची हकिकत सभासदांनी आळीपाळीनं फोन करून किंवा भेटून सांगायची. पहिले सहा महिने जैनबकडे स्वतः त्या जाणार. जुन्या सगळ्या मुद्रणांतले आवाज काढून टाकायचे. आणि रामफळाचं आज, आत्ता, सगळ्यांसमोर.

"एवढे फोन कोण करणार?" श्रीनिवास नावाचे एक गृहस्थ म्हणाले.

"ज्याला शिकवायची हौस आहे तो," बाई म्हणाल्या.

बाजूनं एकोणीस, विरुद्ध सहा. शुभंकर विरुद्ध. त्यानं पडदा सगळ्यांना दाखवत व्हिडिओ काढला. 'हे कायमचं पुसायचं आहे का?' असं यंत्रानं विचारलं, त्यानं हो म्हटलं. चारशे बाराचा आकडा गेला.

तेजसच्या फोनमधला तुकडा मात्र कुठे जाणार? तो चौदा फोनांत होता. बाईंना हे ठाऊक होतं, उत्तरेश्वरलाही. सभा संपल्यावर त्यानं लिहिलं, 'थँक यू मॅडम. लीडला सांगितलंय. बुधवारी मीच करणार.'

बुधवारी बाई कामात होत्या, पण डेमोच्या वेळी, तीनला, त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलंच. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर शुभंकरचं रंगीत आमंत्रण येऊन पडलं. 'पेशंटची गोपनीयता: आधुनिक काळातील आव्हाने. वक्ते: शुभंकर. सर्वांसाठी खुले. मुद्रण नंतर उपलब्ध होईल.' खाली सहा जणांनी टाळ्या दिल्या होत्या. बाईंनी ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि वाती वळायला घेतल्या. दोन वाती जास्तच पिळल्या गेल्या.

गुरुवारी साडेसहाला उत्तरेश्वर पुन्हा प्रत्यक्षच आला. बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, एक अट आहे. आता फोनमध्ये आवाज घ्यायचा नाही. तुमच्यासाठीपण नाही."

बाईंना त्या अटीनं अडचण होणार होती. मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकूनच त्यांना बारकावे सापडत. आता कानावर भरवसा आणि कागदावर पेन्सिलीच्या रेघा, पूर्वीसारखं. "बरं," त्या म्हणाल्या. उठून स्वतःचा फोन आतल्या खोलीत ठेवून आल्या.

"डेमो?"

तो लगेच बोलेना. शब्द अडला होता की नुसताच विचार करत होता, ते बाईंना पहिल्यांदाच कळलं नाही.

"सुरुवात मी केली. आठ मिनिटं चांगली गेली. मग 'म... मॉड्यूल'वर अडकलो. तुम्ही सांगितलं तसं तिथंच थांबलो. क्लायंट पण थांबला, बघत होता नुसता. घाई नव्हती त्याला. आणि मधेच तेजस म्हणाला, मी पुढं नेतो. मी हात केला, थांब म्हणून."

"मग?"

"थांबला नाही. सगळा घेतला त्यानं. मा... माझं काम, मॅडम. वर मला मेसेज टाकला, तुला मदत केली म्हणून."

"मदत," बाई म्हणाल्या.

"हो! मदत! कुणी मागितली होती? चौदा जणांना ऐकवताना मदतच करत होता का? आज सकाळी मी त्याला फोन लावला. मेसेज नाही, फोन. म्हटलं, तो तुकडा का... काढ सगळ्यांच्या ग्रुपवरून आणि सगळ्यांसमोर सॉरी म्हण. आणि पुढचा डेमो माझा आहे, त्यात तू तोंड उघडायचं नाही. तो म्हणतो, अरे, चिल ना! चिल! मला म्हणतो!"

तो खुर्चीतून उठला होता. हात वर गेला होता. वाक्यं तुटत होती, 'म'वर आणि 'क'वर अडत होती, आणि तरी थांबत नव्हती. बाहेरच्या बाकावर पुढचा पेशंट आपल्या नातवासह येऊन बसलेला दाराच्या फटीतून दिसत होता. सात वाजत आले होते. बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवली.

"बस की," त्या म्हणाल्या. "आणि नीट सांग, अजून काय काय म्हणालास त्याला."